पदक कशाची साक्ष देते?



शौर्य हा विषय निघाला की वक्त्याचा आवाज आपोआप चढतो. तलवारी खणखणू लागतात, घोडे उधळतात आणि टाळ्यांच्या कडकडाटात व्याख्यान संपते. घरी जाताना श्रोत्याला विचारावे की त्या शूर माणसाने नेमके काय केले, तर त्याला ते सांगता येत नाही. आज मला तसे बोलावयाचे नाही. युद्धात पदक मिळविलेला शिपाई गावी परततो, पेन्शन आणायला तालुक्याला जातो, पारावर चार माणसांत बसतो. पण त्या एका दिवसाविषयी फारसे बोलत नाही. त्याच्या त्या अबोलपणाला शोभेल अशा रीतीने त्याच्याविषयी काही सांगावे, एवढाच आजचा हेतू आहे.

आरंभ आपल्याच मुलखापासून करू. या भागातल्या कितीतरी जुन्या गावांत मारुतीच्या नाही तर महादेवाच्या देवळाबाहेर एखादी कोरीव शिळा भिंतीला टेकून उभी असते. लोक तिला तेल-शेंदूर लावतात, पण ती कोणत्या देवाची हे कुणाला सांगता येत नाही. ती देवाची नसतेच. तो वीरगळ असतो. सगळ्यांत खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, पुष्कळदा शेजारी गाई, म्हणजे गावची गुरे सोडविताना तो पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत आहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करीत बसला आहे. आणि माथ्यावर सूर्य-चंद्र, ते आहेत तोवर याची आठवण राहावी म्हणून. (येथून जवळच असलेल्या पंढरपूरच्या विठ्ठलाचे मूळही काही संशोधकांनी वीरगळातच शोधले आहे. तो वाद मोठा आहे, त्यात आज शिरावयाचे नाही.) आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. काय घडले ते दगड सांगतो. कोणाच्या हातून घडले ते सांगत नाही. पिढ्या उलटल्या, नाव गेले आणि शेंदूर तेवढा उरला.

पदक म्हणजे एका अर्थी आधुनिक वीरगळच, परंतु त्याला नाव असते. नुसत्या धातूला महत्त्व नाही. इंग्रजांचे व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च पदक १८५६ मध्ये सुरू झाले आणि ते साध्या काशाचे आहे; आपले परमवीर चक्रही काशाचेच. मोल आहे ते पदकाबरोबरच्या कागदाला. लष्करात त्याला सायटेशन म्हणतात. आपण त्याला शौर्यपत्र म्हणू. हा कागद कसा तयार होतो हे समजले म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. रणांगणावर कोणी काही विशेष केले, तर ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले त्यांचे जबाब घेतात. त्यांवरून कंपनीचा अधिकारी शिफारस लिहितो. ती पलटणीकडे, तेथून ब्रिगेडकडे, मग डिव्हिजनकडे आणि त्याहून वर जाते. प्रत्येक पायरीवर ती खाली उतरू शकते, किंवा फाइलीतच राहू शकते. शेवटी सरकारी गॅझेटात नाव छापून येते. म्हणजे पदक ही मुळात साक्ष आहे, आणि साक्ष म्हटली की साक्षीदार जिवंत असावा लागतो. ज्या खंदकातले सगळेच पडले, तेथे काय घडले ते कोण सांगणार? पदक मिळालेला शूर होता हे पदक सांगते. न मिळालेला शूर नव्हता असे मात्र ते कधीच म्हणत नाही. हे ध्यानात ठेवून मी तुम्हांला काही शौर्यपत्रांतला मजकूर सांगतो.

पहिले नाव नामदेव जाधव. नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) निमज हे त्यांचे गाव, जन्म १९२१ चा. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीत शिपाई होते. काम रनरचे, म्हणजे कंपनी कमांडरचा निरोप घेऊन इकडून तिकडे धावण्याचे. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी इटलीत सेनियो नदीवर हल्ला झाला. नदी म्हणाल तर पंधरा फूट रुंद आणि चार-पाच फूट खोल. आपल्याकडे तिला ओढाच म्हणतील. पण तिच्या दोन्ही काठांना तीस-पस्तीस फूट उंचीचे, सरळ उभे चढणारे बांध होते. त्या बांधांत जर्मनांनी घुशीसारखी बिळे करून मोर्चे लावले होते आणि अलीकडच्या बांधाच्या पाण्याकडील उतारावर सुरुंग पेरले होते.

कंपनी पाण्यातून पार होऊन पलीकडच्या काठाला लागते न लागते तोच पाठीमागून, म्हणजे जो बांध ओलांडून आलो त्याच बांधातल्या मोर्चांतून, मशीनगनचा मारा सुरू झाला. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. त्यांच्याबरोबरचे बाकी सारे ठार झाले. धड उरले ते एकटे जाधव.

आता पुढचा क्रम लक्षपूर्वक ऐका. जाधवांनी प्रथम शत्रूवर झेप घेतली नाही. त्यांनी एका जखमी सोबत्याला उचलले, पुन्हा त्या पाण्यात उतरले, सुरुंगांतून तो उभा बांध चढून गेले आणि त्याला सुरक्षित जागी ठेवले. पाठीवर माणूस घेऊन ओल्या मातीचा पस्तीस फुटांचा चढ चढणे म्हणजे काय, हे विहिरीतून गाळाची पाटी वर आणणाऱ्याला विचारावे. आणि येथे तर वरून तोफगोळे पडत होते. मग ते परत गेले आणि दुसऱ्या जखमीला तसेच घेऊन आले. एवढ्यावर थांबले असते तरी त्यांना कोणी नाव ठेवले नसते. पण त्या मशीनगन गप्प झाल्याखेरीज उरलेल्या कंपन्यांना हलता येत नव्हते आणि मागे सोबत्यांची प्रेते पडली होती. ते तिसऱ्यांदा त्या उघड्या बांधावर गेले. पहिला मोर्चा टॉमीगनने गप्प केला. हाताला गोळी लागून बंदूक चालविता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि हातबाँब घेतले. बाँब संपले तेव्हा सरपटत माथ्यावर जाऊन पलीकडच्या उतारावरच्या सोबत्यांकडून आणखी घेतले. असे आणखी दोन मोर्चे त्यांनी संपविले. मग बांधाच्या माथ्यावर उभे राहून पलटणीची शिवगर्जना केली आणि हात हलवून मागच्यांना पुढे बोलाविले.

वृत्तपत्रांत आणि चित्रांत शेवटचे दृश्य येते: बांधावर उभा असलेला, गर्जना करणारा मराठा. ते खोटे नाही. पण मला विचाराल तर त्या संध्याकाळचे सर्वांत अवघड काम दुसऱ्या फेरीला उतरण्याचे होते. पहिल्यांदा माणूस आवेशात उतरेल. दुसऱ्यांदा उतरताना पुढे काय आहे ते त्याला पुरते ठाऊक असते. जाधव युद्धातून जिवंत परतले, पुढे हवालदार झाले आणि १९८४ मध्ये पुण्यास वारले.

त्याच ९ एप्रिलला त्याच नदीवर फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन वर्षांनी देशाची फाळणी झाली आणि ते पाकिस्तानचे नागरिक झाले. सेनियोच्या पाण्याला अर्थातच त्याची कल्पना नव्हती.

दुसरे नाव नाईक यशवंत घाडगे. गाव कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, माणगाव तालुक्यात. हेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचेच, तिसऱ्या पलटणीतले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. त्यांच्याखेरीज तुकडीतला एकूण एक माणूस ठार किंवा जखमी झाला. घाडगे एकटेच त्या मशीनगनवर धावून गेले. हातबाँबने ती आणि ती चालविणारा, दोन्ही निकामी केले; टॉमीगनने आणखी एकाला पाडले. गोळ्या संपल्या. दुसरी मॅगझीन भरायला सवड नव्हती. बंदुकीची नळी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना झोडपले आणि मोर्चा संपविला. दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तेथेच पडले. वय अवघे बावीस. त्यांची कबर माहीत नाही; इटलीतच कॅसिनो येथे, ज्यांना कबर लाभली नाही अशा चार हजारांवर लोकांच्या नावांत त्यांचे नाव कोरले आहे.

येथे एखाद्या श्रोत्याच्या मनात एक प्रश्न येईल. त्याने तो मोकळेपणाने विचारावा, कारण सोलापूर जिल्ह्याला तो विचारण्याचा अधिकार आहे. ज्या जिल्ह्यात १९३० मध्ये इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला, ज्याचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर गेले, त्या जिल्ह्याने इंग्रजांच्या राजाने दिलेल्या पदकांचे कौतुक का करावे? जाधव नगर जिल्ह्याचे. ते इटलीत लढत होते त्या युद्धकाळात, १९४२ च्या ऑगस्टपासून, पंडित नेहरू आणि काँग्रेसचे इतर पुढारी त्याच नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते. एकाच जिल्ह्यात एका सरकारने एकाला पदक दिले आणि दुसऱ्याला कोठडी.

हा प्रश्न टाळून पुष्कळ सत्कार उरकले जातात. काही ठिकाणी तर त्याच अडचणीपायी सत्कारच होत नाहीत. मला वाटते, शिपायाचे कृत्य आणि सरकारचा हेतू यांची गाठ आपण सोडविली पाहिजे. त्या युद्धात सुमारे पंचवीस लाख हिंदी माणसे स्वखुशीने भरती झाली असे म्हणतात. त्या 'स्वखुशी'त दुष्काळी कोरडवाहू जमीन, घरातली खाणारी तोंडे आणि दर महिन्याची मनीऑर्डर किती होती, हे माढा तालुक्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. काहींना जर्मन-जपान्यांची हुकूमशाहीही नकोशी होती. बहुतेकांनी यांतल्या कशाचीच फोड केली नसेल. पण सेनियोच्या पाण्यात दुसऱ्यांदा उतरलेला माणूस इंग्लंडच्या राजासाठी उतरला नव्हता. पलीकडे आपला सोबती विव्हळत होता म्हणून उतरला होता. राजाला त्याचा फायदा झाला, हा राजाचा हिशेब. ज्या चौघांनी फास पत्करला त्यांचे मोठेपण यामुळे तसूभरही कमी होत नाही, आणि त्यांच्या मोठेपणामुळे जाधवांचे धैर्यही खोटे ठरत नाही. एका सभेत दोघांची नावे घेता येतात.

शिवाय सैन्य काही १५ ऑगस्ट १९४७ ला नवे जन्मले नाही. कालचीच माणसे, कालच्याच पलटणी; फक्त निशाण बदलले. याचे उत्तम उदाहरण रामा राघोबा राणे. जन्म १९१८ चा, कारवारजवळच्या चेंडिया गावी. १९४० मध्ये ते इंग्रजांच्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. जुन्या मंडळींना ती 'सफरमैना पलटण' म्हणून ठाऊक असेल. तिचे ठाणे पुण्याजवळ खडकीस आहे. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून ते परतले आणि १९४७ च्या डिसेंबरात सेकंड लेफ्टनंट झाले. सफरमैनाचे काम म्हणजे पूल बांधणे, रस्ते करणे, सुरुंग पेरणे आणि काढणे. लढणाऱ्यांच्या पुढे जाऊन त्यांच्यासाठी वाट करावयाची आणि वाट झाली की बाजूला व्हावयाचे.

एप्रिल १९४८. काश्मीरच्या युद्धात नौशेराहून राजौरीकडे आपले सैन्य निघाले होते. रणगाडे जातील असा रस्ता एकच, आणि शत्रूने तो सुरुंगांनी, पाडलेल्या झाडांनी आणि उडविलेल्या मोऱ्यांनी जागोजाग अडविला होता. ८ एप्रिलला काम सुरू होते तोच उखळी तोफांचा मारा आला. राण्यांचे दोघे जवान ठार झाले, पाच जण जखमी, आणि त्या पाचांत खुद्द राणे. त्यांनी उरलेल्यांना गोळा केले आणि पुन्हा कामाला लावले. त्या रात्री दहापर्यंत, शत्रूला दिसत असताना, ते रणगाड्यांसाठी वळणाचा रस्ता खोदीत होते. ९ ला पहाटे सहापासून पुन्हा तेच. दुपारी तीनला रस्ता तयार झाला. रणगाडे निघाले तेव्हा राणे सर्वांत पुढच्या गाडीत. अर्ध्या मैलावर चिडाची झाडे आडवी. ती सुरुंग लावून उडविली. तीनशे यार्डांवर पुन्हा झाडे, तीही उडविली. पुढे उडविलेली मोरी. मशीनगनच्या माऱ्यात तिला वळसा काढला. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठी झाडे आणि भोवती सुरुंग असा अडथळा आला. राणे सुरुंग काढायला बसलेही. परंतु अंधार पडू लागला म्हणून वरिष्ठांनी रणगाडे थांबविले.

१० ला पहाटे पावणेपाचला ते पुन्हा त्याच झाडांशी. साडेसहाला झाडे बाजूला. पुढच्या हजार यार्डांत अडथळ्यांवर अडथळे आणि सगळ्यांवर मशीनगनचा रोख. साडेदहाला तेही साफ. रणगाडे तावीच्या पात्रात उतरून पुढे गेले. तेव्हा दमलेला माणूस म्हणाला असता, माझे काम झाले. पण मागून दाणागोटा आणि दारूगोळा घेऊन मोटारी येणार होत्या, त्यांना रस्ता हवा होता. जेवण नाही, विश्रांती नाही. राणे रात्री नऊपर्यंत राबले. ११ ला सकाळी सहाला पुन्हा हजर, अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा, आणि मग रात्री दहापर्यंत त्यापुढचा. दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिलला, राजौरी आपल्या हाती आली.

एका ठिकाणी ते रणगाड्याच्या खाली सरपटत राहिले आणि दोऱ्या ओढून चालकाला खुणा करीत रणगाडा सुरुंगांतून पार नेला, अशीही एक कथा सांगतात. ती वगळली तरी काही कमी पडत नाही. या चार दिवसांच्या शौर्यपत्रात राण्यांनी शत्रूचा एक तरी माणूस मारला असा उल्लेख नाही. देशाचे सर्वोच्च युद्धपदक, आणि त्याच्या कागदावर वेळा लिहिल्या आहेत: पावणेपाच, साडेसहा, साडेदहा, नऊ. एखाद्या मुकादमाची हजेरीवही वाचावी तसे वाटते. १९४७-४८ च्या युद्धासाठी पाच परमवीर चक्रे दिली गेली, त्यांतली तीन मरणोत्तर. जिवंतपणी पदक घेणारे दोघे: लान्स नाईक करमसिंग आणि राणे. १९९४ मध्ये राणे पुण्यास वारले. त्यांच्या नावाचे तेलवाहू जहाज समुद्रावर फिरले आणि २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचे नाव मिळाले. रस्ता करणाऱ्याचे नाव बेटाला, ही सरकारी योजनेतली एक गंमत.

परमवीर चक्राचा आकार कोणी रेखाटला हेही येथे सांगितले पाहिजे, कारण त्याचा महाराष्ट्राशी संबंध आहे. सावित्रीबाई खानोलकर या जन्माने युरोपियन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या येथल्या झाल्या आणि मराठी, संस्कृत शिकल्या. पदकासाठी त्यांनी इंद्राचे वज्र निवडले. मध्ये राजमुद्रा आणि भोवती चार वज्रे. पुराणातली गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी कीर्तनात ऐकली आहे: वृत्राला मारायला शस्त्र हवे म्हणून देव दधीची ऋषींकडे गेले, दधीचींनी देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींचे वज्र झाले. लढला इंद्र, जयजयकार इंद्राचा, हाडे दधीचींची. परदेशातून आलेल्या या बाईंना आपल्या पुराणातले नेमके कोणते चिन्ह उचलावे हे समजले होते, असे मला नेहमी वाटते. १९९९ च्या कारगिल युद्धापर्यंत हे पदक २१ जणांना मिळाले. त्यांतले १४ ते घ्यायला हयात नव्हते.

इथवर नावे असलेल्यांचे झाले. नावे नसलेल्यांचे काय? पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी इराकात, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, लढल्या. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर त्या कूटच्या वेढ्यात अडकल्या, उपासमारीत खेचरे-घोडे खाऊन दिवस काढले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कूट पडल्यावर कैदेत गेल्या. त्या रणांगणातल्या मृतांसाठी बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्यावर चाळीस हजारांवर लोकांचे स्मरण आहे. गोऱ्या शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत, पण साध्या हिंदी शिपायांची नावे दगडावर कोरली नाहीत. पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. आपल्याकडे काही गावांत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत, त्यांवरही तोच प्रकार: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत. वीरगळावर निदान माणसाचे चित्र तरी आहे!

तरीही वाट अगदीच बंद नाही. पहिल्या युद्धाचे जे चांदीचे पदक प्रत्येक शिपायाला मिळाले, त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. चांदी म्हणून कितीतरी घरांतली पदके अडीनडीला सोनाराच्या मुशीत गेली. दागिना मोडताना कड कोण वाचतो? जी उरली असतील ती कपाटातून काढून भिंग लावून पाहावी. त्या काळच्या मृतांच्या नोंदी राष्ट्रकुल युद्धकबर मंडळाने ठेवल्या आहेत आणि आता त्या घरबसल्या पाहता येतात. दगडावर नाव नसले तरी नोंदवहीत पुष्कळांचे आहे, आणि नावापुढे अनेकदा बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही आहे. इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिल्यामुळे गावांची नावे ओळखू येत नाहीत एवढीच अडचण; त्यासाठी मुलूख ठाऊक असलेलाच माणूस लागतो.

इटलीत मोन्तोने नावाचे लहान गाव आहे, मोडनिंबहूनही लहान. जुलै २०२३ मध्ये तेथल्या लोकांनी यशवंत घाडग्यांच्या नावे एक स्मारक उभारले. त्यांनी पुतळा केला नाही, तोफ ठेवली नाही. एक सूर्यघड्याळ बसविले. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचे लॅटिन वाक्य त्यावर आहे. आपल्या वीरगळाच्या माथ्यावर सूर्य असतो हे त्यांना कोणी सांगितले असण्याचा संभव नाही. घाडग्यांचे नाव तेथे लिहिलेले आहे. आपल्या तालुक्यातल्या शिपायांची नावे त्या नोंदवह्यांतून उतरवून काढण्याचे काम येत्या उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या शिक्षकाने चार मुलांना घेऊन सुरू केले, तर पुढच्या वसंतात या व्यासपीठावर ती यादी वाचण्यास अर्धा तास राखून ठेवावा, अशी अध्यक्षमहाराजांना माझी विनंती आहे.